जागेवरची गाडी

निवृत्त होऊनही कंडक्टरकाकांच्या अंगातला कंडक्टर गेला नव्हता. घरात दोन माणसं दारात बोलत उभी राहिली की हे मागून ओरडत, "दार मोकळं ठेवा, पुढे सरका!" काकूंनी उलथनं दाखवलं की मात्र स्वतःच मागे सरकत.

पण एकदा ते नको तिथे ओरडले. वस्तीच्या हॉलमागे त्यांची कॉलेजात जाणारी नात सिगारेट ओढताना दिसली. काकांचा पारा असा चढला, की खिशातली जुनी शिट्टी फुंकून त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. मैत्रिणींसमोर पोरीची शोभा झाली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेना. सिगारेट सुटली नाही, आजोबा तेवढे सुटले. काकांचा जीव तिच्यासाठी तीळ तीळ तुटत होता, पण घरात ती त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हती.

वस्तीतल्या मुलांना व्यसनांपासून जपायला एक समिती होती. दातांच्या डॉक्टरीणबाई, खेळाच्या बाई आणि औषधांचे दुकानदार. काका त्या समितीत न बोलावताच घुसले. समिती संध्याकाळी हॉल उघडा ठेवून मुलांना गोल बसवायची, मनातलं बोला म्हणायची. मुलं आपापल्या चपलांकडे बघत मूग गिळून बसायची. एके दिवशी खुर्च्या मांडायचं काम काकांकडे आलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हे बघा, उपदेश नाही, चौकशी नाही. शिट्टी तर नाहीच नाही. खुर्च्या मांडा आणि गप्प बसा."

काकांनी मान डोलावली. पण हाडाचा कंडक्टर, हात आपोआप चालले. दोन-दोन खुर्च्यांच्या जोड्या, मधे वाट, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पुढे एक खुर्ची एकटी, मागे लांब बाक. एवढं झाल्यावर घंटीवाचून चैन पडेना, म्हणून दोरी ताणून तिला घंटी बांधली.

खेळाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही काय बस आहे?"

तोवर मुलं आत शिरली आणि पोट धरधरून हसली. एका दांडग्या मुलाने डब्याचं झाकण स्टीअरिंगसारखं धरून पुढची खुर्ची पकडली आणि तोंडाने हॉर्न वाजवला.

"काका, गाडी कुठे जाते?"

"कुठेच नाही. जागेवरच."

"मग बरं आहे, घरी जायला उशीर नाही होणार!"

काकांनी दोनदा घंटी दिली. दांडग्याने गाडी सोडली. आणि काय सांगावं, मुलं बोलायला लागली! समोर कोणाचा चेहरा नाही, नुसती पुढच्याची मान. प्रवासात माणूस शेजारच्या अनोळखी माणसाला घरातलं सगळं सांगून मोकळा होतो, तसं झालं. कोणी नापास झाल्याचं सांगितलं, कोणी मित्रांच्या आग्रहाने प्यायल्याचं. औषधांचे दुकानदार तर देखरेखीला बसले होते, ते शेजारच्याला आपली तपकीर कबूल करून बसले. आता गोल बसा म्हणायची कोणाची छाती होणार? गाडी रोज सुटू लागली.

एका संध्याकाळी नात आली. कोणाकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसली. सगळी नोकरी उभ्याने केलेला माणूस, पण त्या दिवशी पाय त्यांना मागे घेऊन गेले आणि ते तिच्या शेजारी टेकले. दोघांचीही नजर समोर.

मग ती पुटपुटली, "आजोबा, परवापासून ओढली नाही. पण उद्याचं काही सांगता येत नाही."

काकांच्या जिभेवर सगळा उपदेश रांग लावून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रांगेला पुढे सरकू दिलं नाही.

"उद्याही गाडी आहे," ते म्हणाले. "तुझी जागा धरून ठेवतो."

ती हसली आणि सरकून त्यांना टेकली. काकांना रडूच फुटलं. ते लपवायला त्यांनी खिशातली शिट्टी काढून जोरात फुंकली. दांडग्याने करकचून ब्रेक मारला आणि अख्खी बस, दुकानदारांसकट, पुढे झुकली.