मुंबईला न पाठवलेली राजम्मा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर हसत आलो. या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा बायकोला म्हणायचो, "बघ, आणखी एकाला अपचन झालं!" त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलोय तर हात चोरासारखा चालतोय. जे घडलं त्याची भीती वाटते असं नाही... त्यात मी जसा वागलो त्याची लाज वाटते. संपादकांनी माझं नाव छापू नये, ही विनंती.

मी सोलापूरचाच. एका गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क, राहायला नवी पेठेत. तीस सालचा मार्शल लॉ उठून तीनेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मला नाद एकच — फोटो जमवण्याचा. लग्नातले, खुर्चीवर हात ठेवून उभे राहिलेले फोटो नव्हेत हं! चित्रासारखे मन लावून काढलेले, मोठ्या ब्रोमाइड कागदावर छापलेले. लोक तसबिरी भिंतीला लावतात. मी माझे प्रिंट पेटीत ठेवायचो, कारण भिंतीवर ऊन लागतं, धूर लागतो. प्रत्येक प्रिंटच्या वर-खाली कोरा कागद, कोपऱ्यात वाळलेला कडुलिंब. खळीनं चिकटवणं बिलकुल नाही, खळीला कसर लागते. कुणाला दाखवायचा झाला तर आधी त्याला हात धुवायला लावायचो. पेटीची किल्ली जानव्याला. बायको म्हणे, "माझ्या पाटल्यांना कधी एवढं जपलं नाहीत!"

मंगळवार पेठेत विष्णुपंत म्हणून फोटोग्राफर होते. एकदा त्यांच्या स्टुडिओत गेलो तर दोरीवर एक ताजा प्रिंट वाळत होता. गल्लीत लांबवर ताणलेला सुताचा ताणा, आणि त्याला कुंच्यानं खळ लावणारी एक म्हातारी पद्मशाली बाई. पूर्वभागातल्या विणकरांच्या गल्ल्यांत सकाळी पाजणीचं हे काम रोज चालतं, मी शंभरदा त्याच्या बाजूनं सायकल काढली असेल. पण त्या कागदावर ऊन असं उतरलं होतं की धागा न् धागा मोजून घ्यावा! किंमत लिहीत नाही, बायको हे सदर वाचते.

"या निगेटिव्हच्या काचेवरून आणखी किती छापणार?" मी विचारलं.

"मागाल तितके!" विष्णुपंत हसले.

ते मला सहन होईना. माझ्या पेटीतली चीज गावात आणखी कुणाकडे असावी हेच खपेना. मी म्हणालो, "काच धुऊन टाका, तरच घेतो." जुन्या काचा धुऊन दुसऱ्या कामाला लावणं त्यांच्या धंद्यात चालायचंच. तरी ते अडखळले. "त्या बाईला एक कॉपी देईन म्हणालो होतो हो..."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य माझं. विष्णुपंतांनी माझ्यादेखत काच कढत पाण्यात धरली. पापुद्रा सुटला आणि बाई पाण्यात वाहून गेली. मी खूश होऊन घरी आलो, प्रिंट पेटीत ठेवला, कागदावर नाव लिहिलं — 'पाजणी'. बाईचं नाव काय, हे मी विचारलं नाही आणि विष्णुपंतांनाही ते ठाऊक नव्हतं.

वर्ष-दीड वर्ष गेलं. एका रविवारी सकाळी दारात एक तिशीचा माणूस उभा. टोपी हातात, बोटं सुताच्या रंगानं निळी.

"साहेब, मी अंबादास. अम्माचा फोटो तुमच्याकडं हाय म्हनं. इष्णुपंत बोलले."

त्याची आई वारली होती. फोटो तो एकच, आयुष्यात दुसरा काढलाच नव्हता. बुधवारी तिचं वर्ष होतं. निजामाच्या मोगलाईतून तिच्या माहेरचे लोक यायचे होते. ती लग्न होऊन तिकडून आली ती परत गेलीच नाही, त्यांनी तिला चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"एक दिस द्या, साहेब. पाटावर ठिवतो, हार घालतो, दुसऱ्या दिशी आनून देतो. राजम्मा कशी दिसत होती, बगू द्या की त्यास्नी."

माझ्या डोळ्यापुढे काय आलं असेल? हार ओला असतो. कुंकवाचं बोट लागणार. उदबत्तीचा धूर. पंचवीस माणसं अंगठे उमटवणार... पण 'नाही' म्हणायचंही धैर्य नव्हतं. मी म्हणालो, "अरे, तो इथे नाही. मुंबईला प्रदर्शनाला पाठवलाय."

पेटी माझ्या पाठीमागे सात-आठ हातांवर होती.

अंबादासचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मुंबईला? अम्मा?" आणि चक्क हसला. "बरं साहेब. आली की सांगा." गेला.

आतून बायको आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई होती हो त्याची." नंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

मंगळवारी संध्याकाळी माझंच मन मला खाऊ लागलं. ठरवलं, उद्या स्वतः नेऊन द्यायचा, हार लागो नाही तर कुंकू. किल्ली काढली, पेटी उघडली. बाकीचे प्रिंट जिथल्या तिथे. 'पाजणी' लिहिलेला कागद उचलला... खाली नुसता दुसरा कोरा कागद. मधे काही नाही. सगळी पेटी उपसली, कपाट, माळा, गादीखाली पाहिलं. कुलूप धड, किल्ली अंघोळीलाही अंगावरून उतरत नव्हती. बायकोनं देवावर हात ठेवून सांगितलं की तिनं पेटीला हात लावलेला नाही. ती खोटं बोलत नाही. घरात खोटं बोलणारा एकच.

बुधवारी रिकाम्या हातानं त्यांच्या गल्लीत गेलो. खरं सांगून टाकायचं म्हणूनच गेलो होतो. पाटावर हार नुसताच गोल मांडून ठेवला होता, मधली जागा मोकळी. मला पाहताच अंबादास उठला आणि पाहुण्यांना तेलुगूत भराभर सांगू लागला. मला त्यातलं 'मुंबई' तेवढं कळलं. एक म्हातारा उठून माझे हात हातात घेऊन रडला. तो राजम्माचा थोरला भाऊ. घोंगडीवर मानानं बसवलं मला, ताट वाढलं. आणि मी ते जेवलो!

पुढे तीन आठवड्यांनी पोस्टमननं पार्सल आणलं. दोन फळ्यांच्या मधे नीट बांधलेला प्रिंट. माझाच, कोपऱ्यातली बारीक घडीसुद्धा तीच. मागे मुंबईच्या प्रदर्शनाची चिठ्ठी चिकटवलेली, गोल शिक्का मारलेला. चिठ्ठीवर टाइप केलेलं माझं नाव, माझा पत्ता, आणि चित्राच्या नावाच्या जागी इंग्रजीत — 'राजम्मा'. शिक्क्यातली पोचल्याची तारीख मी दोन-तीनदा वाचली. अंबादास रविवारी आला होता. ती तारीख आदल्या शुक्रवारची होती. तेव्हा हे नाव माझ्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

प्रदर्शनवाल्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं, इतरांचे येतात तसाच फॉर्मसह टपालानं आला; तक्रार असल्यास कळवावे. विष्णुपंतांना विचारलं तर ते उलट मलाच म्हणाले, "प्रकृती बरी आहे ना?" हिशेब बसवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. झोपेत पाठवला म्हणावं, तर मला नाव कुठून कळलं? उलगडा आजतागायत झालेला नाही, आणि होईल अशी आशाही मी सोडली आहे.

पार्सल आलं त्याच संध्याकाळी प्रिंट घेऊन अंबादासकडे गेलो. म्हणालो, "हा आता तुझाच. कायमचा." त्यानं तो दोन्ही हातांत धरला, आईकडे बराच वेळ पाहिलं. मग उलटा केला आणि शिक्क्यावरून निळं बोट फिरवलं. शेजारपाजारचे गोळा झाले होते. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणालो, "अंबादास, ऐक. मी तुझ्याशी खोटं बोललो होतो. मी हा पाठवलाच नव्हता. तू आलास तेव्हा द्यायचा नव्हता मला, म्हणून तसं म्हणालो."

तो माझ्याकडे बघून हसला, लहान मुलाची समजूत काढावी तसा.

"साहेब, उगं कशाला लहानपन घेतालाव? छाप हाय की हितं! आमची अम्मा कदी टेसनापत्तुर गेली न्हवती. तुमी तिला मुंबई दाखिवली."

आणि सगळ्या गल्लीदेखत तो माझ्या पाया पडायला वाकला. मी आणखी एकदा बोलायला हवं होतं. निदान पाय तरी मागे घ्यायला हवे होते... ते मी घेतले नाहीत.