बातमीतलं प्रश्नचिन्ह

ती घटना आजही आठवली की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. कमलनगरच्या बाजूला मी फौजदार होतो. एका गावातून वीस वर्षांची मुलगी बेपत्ता झाल्याची तक्रार आली. तिच्या गल्लीतला एक मुलगाही त्याच दिवशी गाव सोडून गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मोबाईलवर बातम्या देणाऱ्या एका वार्ताहराने दोघांचे फोटो शेजारी लावून व्हिडिओ टाकला : 'एकाच दिवशी दोघे गायब. योगायोग की आणखी काही?' दुपारी खबऱ्याने कळवले, मुलाचे घर पेटवायची भाषा चालू आहे.

घरापाशी शिपाई बसवून मी मुलीच्या वडिलांना गाठले.

"अप्पा, त्या दिवशी गावातून अजून कोण गेलं?"

"गेले की. पाच-सहा पोरं हैद्राबादला कामाला गेले."

"मग या पोरावरच संशय कामून?"

"तुमाला न्हाई कळायचं, साहेब. मोबाईलवर दाखवायलेत!"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तर्कशास्त्र फार कळले असे म्हणवत नाही. पण दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणजे त्यांचा संबंध असतोच असे नाही, एवढे शिकलो होतो. ते अप्पांना समजावताना घसा बसला.

मग वार्ताहराला ठाण्यात बोलावले. तो निवांत होता.

"मी कुठं आरोप केला? नुसता प्रश्न विचारलाय."

"बरं. त्या दिवशी तू कुठं होतास?"

"उदगीरला."

"कंडक्टरनं मुलीला उदगीरच्याच बसमध्ये पाहिलंय. योगायोग की आणखी काही?"

"साहेब, असं कसं जोडायलाव तुम्ही!"

"मी कुठं जोडलं? नुसता प्रश्न विचारलाय."

आपल्यावरच येतेय म्हटल्यावर तो बोलून गेला. व्हिडिओ पाहून मुलीनेच त्याला फोन केला होता. ठरवलेले लग्न नको म्हणून ती एकटीच उदगीरमार्गे लातूरला मैत्रिणीकडे गेली होती. व्हिडिओ काढून टाका म्हणून ती रडली. बघणारे वाढत होते, म्हणून याने तो तसाच ठेवला.

महिला पोलिसांनी तिला आणले. तिने गावासमोर सांगितले, "मी एकटी गेलते." जमाव पांगला, पण पांगताना कुणीतरी म्हणालेच, "तरीबी काहीतरी असलंच की." मुलगा हैद्राबादला बांधकामावर सापडला. त्याचा मोबाईल फुटला होता, एवढेच.

घर वाचले. नंतर मुलाचे वडील ठाण्यात आले. "साहेब, माझ्या पोरानं काही केलं न्हाई, असं लिहून द्या." जे घडलेच नाही त्याचा दाखला द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. तरी दिला. पुढे मुलाच्या सोयरिकीत तो कागद दाखवावा लागला, असे कानावर आले.

आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा, हे मी नोकरीभर कोर्टात ऐकले. गावात मी उलटेच पाहिले. प्रश्न विचारणारा मोकळा सुटतो, आणि ज्याच्याबद्दल विचारला तो उत्तर देत फिरतो.