दातांवरचे पट्टे

आमच्या औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्ट बाई ओठ मिटून हसतात. त्यांच्या पुढच्या दातांवर करडे-तपकिरी आडवे पट्टे आहेत. दुधाचे दात पडून नवे आले, ते असेच. त्यांच्या आईने ठरवून टाकलं, पोरगी दात घासत नाही. रोज सकाळी बेसिनपाशी तिचा उद्धार व्हायचा. शाळेत नाव पडलं 'गंजकी'. जवळ घ्यायची ती एकटी मावशी, इस्पितळातली नर्स. तिने नवा ब्रश आणून दिला. "जोर लावून घास, जातील." पोरीने हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासले.

मावशीवर इतका जीव, की तिच्यासारखंच काही करायचं म्हणून ती औषधशास्त्राकडे वळली. दुसऱ्या वर्षी टेट्रासायक्लीन जातीच्या अँटिबायोटिक औषधांचा धडा आला. ही औषधं कॅल्शियमला चिकटतात. आठ वर्षांखालच्या मुलांना दिली तर वाढत्या दातांत मुरतात आणि डाग जन्मभर राहतात. गरोदर बाईला दिली तर पोटातल्या बाळालाही तोच धोका. सरांनी दाखवलेल्या फोटोत जणू तिचेच दात होते.

लहानपणी तिला सारखा खोकला-ताप यायचा आणि मावशी इस्पितळातून आणलेलं पिवळं, गोड औषध पाजायची. ती तडक मावशीकडे गेली. मावशी भाजी निवडत होती.

"टेट्रासायक्लीनच होतं ते. ताप लगेच उतरायचा गं तुझा."

"दातांचं माहीत होतं तुला?"

"डॉक्टर नको म्हणाले होते, लहान आहे म्हणून. मला वाटलं, थोड्याने काय होतंय."

"आणि दात आले तेव्हा?"

मावशीने मान वर केली नाही. "तेव्हा कळलंच. पण ताईला कुठल्या तोंडाने सांगणार?"

"आई मला बोलायची, तेव्हा तू शेजारी उभी असायचीस."

मावशीने भाजीची पुढची जुडी ओढली. आईला कळलं तेव्हा ती रडली, आणि महिन्याभरात बहिणीशी पूर्वीसारखी बोलूही लागली. बाईंना ते जमलं नाही.

परवा मावशी दुकानात आली. चिठ्ठीवर डॉक्सिसायक्लीन होतं, त्याच जातीतलं औषध.

"पेलाभर पाण्याबरोबर घ्या," बाई म्हणाल्या. "लगेच आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध दोन-तीन तास लांब ठेवा. कडक उन्हात फिरू नका, कातडी भाजते."

"मला 'घ्या' काय म्हणतेस गं?"

बाईंनी पाकिटावर वेळा लिहिल्या, ते पुढे सरकवलं आणि मागच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला.