पूल की अंधार

राज्यांची फेररचना झाली, आमचा जिल्हा तेलुगू मुलखात गेला आणि मी नांदेडला बदली मागून घेतली. माय गावी, जैनथलाच राहिली. "मी काऊन येऊ? कापूस कोन येचीन?" म्हणाली. ती वारली तेव्हा रजा मिळत असूनही मी गेलो नाही.

पुढे कामानिमित्त आदिलाबादला गेलो, तेव्हा तिथल्या कापसाच्या जिनिंगमधल्या पारशी मॅनेजरांना विचारलं, तुमच्यात मेल्यावर काय होतं? ते म्हणाले, पूल ओलांडावा लागतो. तिथे आपलीच करणी समोर उभी राहते. प्राचीन यहुद्यांत मात्र बरेवाईट सगळे एकाच मुक्या अंधारात जात. कोणी काही विचारत नसे.

"तुम्हाला काय पसंत?"

"अंधार," मी लगेच म्हणालो.

पण त्या अंधारात माय मला ओळखणार नाही. आता पूलच बरा वाटतो; तिथे निदान ती समोर उभी राहील.