तावडेकाकांचा पांढरा खडू

काकांच्या मुलीचा, सुनंदाताईचा फोन आला तेव्हा मी गोराईत एका घराच्या छपरावर होतो. "आधी खाली उतर, मग सांगते," ती म्हणाली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच मला कळलं... तावडेकाका गेले. त्याला आता दीड महिना होईल.

आठवीत नापास होऊन शाळा सोडलेला, वाशिमहून आलेला मी. काकांनी बोरीवलीत मला पत्र्याचं काम शिकवलं आणि पुढे बिलावर त्यांच्या नावाखाली माझं नावही छापलं. त्यांची एक रीत होती. भर दुपारी दारं-खिडक्या लावायच्या, अंधारात उभं राहायचं आणि छपरातून जिथे जिथे उजेड टोचतो तिथे बांबूला बांधलेल्या खडूने खूण करायची. कड गंजलेली, म्हणजे भोक जुनं असेल तर पांढरी; ताजी चकाकत, म्हणजे नुकतंच फाटलेलं असेल तर लाल.

विम्याच्या क्लेमची, म्हणजे छपराचं नुकसान कशाने झालं ते कंपनीला लिहून देण्याची कामं ते घेत नसत. दुसऱ्याच्या खोट्याखाली सही करावी लागते, म्हणत. पण एका वर्षी मोठ्या वादळानंतर सगळे कंत्राटदार क्लेममागे धावत होते आणि आमच्याकडे काम नव्हतं. मला भीती वाटायची, हा धंदा बंद पडला तर आठवी नापासाला कोण उभं करणार? मी दोन दिवस त्यांच्या मागे लागलो. शेवटी आपल्या मालवणीत म्हणाले, "घेव या. पण खडू माझो."

काम एका कारखान्याच्या गाळ्याचं होतं. मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, पूर्ण छप्पर वादळातच गेलं असं दिसू दे, मग नवीन छप्पर तुम्हालाच. काका चहाला गेले होते. मी गंजलेल्या भोकांभोवतीही लाल गोल काढले.

परत येऊन काकांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. ओलं फडकं बांबूला गुंडाळलं आणि एकेक खोटा लाल गोल पुसत गेले, साठीच्या पुढचा माणूस, मान वर करून. मालक चिडला, बाकीचे सगळे असंच लिहून देतात म्हणाला. तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "वाऱ्यान फाडल्यान ता वाऱ्याच्या नावार. गंजान खाल्ल्यान ता तुमच्या."

काम गेलं. तो पावसाळा आम्ही मनोरीत किरकोळ डागडुजीवर काढला. मला वाटलं होतं, मलाही काढतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी खडूंचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "झिला, आतापासून खुणा तू कर."

गेल्या आठवड्यात क्लेमचं काम आलं, माझ्या एकट्याच्या सहीचं. मालकीणबाई आर्जवाने म्हणाल्या, जरा सांभाळून लिहा ना, सगळं वादळाचंच म्हणून. मी दार लावलं. अंधारात डबा उघडला. काकांच्या हातचा पांढरा तुकडा आता बोटभर उरलाय... डोक्यावर उजेडाचा एक ठिपका, कड लालसर, गंजलेली. मी बांबू वर नेला. खडू पांढराच होता.