एक पायरी खाली

नीता भोपीच्या हातानं आजवर अकरा जण बीए झाले. ती स्वतः काही झाली नाही. आणि गंमत बघा, ती झाली नाही म्हणूनच ते अकरा जण होऊ शकले.

नीट सांगायला हवं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. मुलानं तोंडानं उत्तर सांगायचं, लेखनिकानं ते कागदावर उतरवायचं. पण नियम असा, की परीक्षार्थी ज्या पदवीला बसलाय, तिच्यापेक्षा लेखनिक निदान एक पायरी खाली शिकलेला हवा. जास्त शिकलेला असला तर तो आपलंच डोकं चालवील, अशी नियम करणाऱ्यांना धास्ती! पनवेलात कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी नीता एसवाय पास होती. टीवायच्या परीक्षेला ती बसलीच नव्हती. म्हणजे नियमात अगदी चपखल. चौदा वर्षं कॉलेज तिला हाक मारत होतं ते तेवढ्यासाठीच.

ती टीवायला का बसली नाही, हेही ऐका. माहेर नेऱ्याचं. त्या वर्षी वडिलांचा पाय मोडला, आवणीला माणूस मिळेना, म्हणून ही पोरगी दीड महिना चिखलात उभी राहून भाताची रोपं लावत होती. कॉलेजात परत आली तर फलकावर डिफॉल्टरांची यादी आणि यादीत हिचं नाव. हजेरी भरली नाही, टर्म मिळणार नाही. "डॉक्टरचं सर्टिफिकेट आण," असं खिडकीतल्या माणसानं सांगितलं. ही म्हणाली, "मी आजारी नव्हते, मी आवणीला होते." आवणीचं सर्टिफिकेट कुठला डॉक्टर देणार? थोडं खोटं बोलली असती तर सुटली असती. पण वीस वर्षांची, त्यात माहेरचा ताठा! ती तशीच फाटकाबाहेर पडली. पुढच्या वर्षी लग्न झालं, आणि दैवाची थट्टा अशी, की सासरचं दुकान नेमकं त्याच फाटकासमोर निघालं.

मग एका मार्चमध्ये एका मुलाचा लेखनिक आलाच नाही. शिपाई धावत दुकानात आला. "ताई, तुमचं अक्षर चांगलंय ना? चला लवकर." नीता मशीन चालू ठेवूनच निघाली. तीन तासांनी परतली तेव्हा मधल्या बोटाला शाईचा डाग होता. तो तिनं दोन दिवस साबण लावून धुतला नाही. नवरा शैलेश हसला, "अगं, हात धू की, जेवायचंय." तिनं डाव्या हातानं पाणी घेतलं आणि विषय बदलला.

लोकांना वाटायचं, काय सोपं काम! सांगतील ते लिहायचं. अहो, तेच तर कठीण. दिवसभर पोरांच्या नोट्स मशीनमधून काढता काढता ही त्या वाचायची. इतिहासाचा सगळा अभ्यासक्रम तिला पाठ झाला होता. आणि हॉलमध्ये मात्र तोंड बंद. गेल्या साली अंकिता नावाच्या मुलीच्या पेपरात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर टीप आली. चिरनेर म्हणजे नीताचं आजोळ. आजी तिथली, गोळीबाराचं बोलताना तिचा आवाज कसा बारीक व्हायचा, ते नीताच्या कानात अजून होतं. आणि अंकिता खुशाल म्हणाली, "सन एकोणीसशे बत्तीस." तीस गं बाई, तीस! नीतानं दात आवळले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, १९३२. त्या दिवशी घरी येऊन ती उगाचच भांड्यांवर राग काढत होती.

ही अंकिता बेलपाड्याची. जन्मापासून दिसत नाही, पण जीभ अशी तिखट की विचारू नका. आधीच्या दोन लेखनिकांचा तिच्यापुढे निभाव लागला नाही. भरात आली की ती गावचं बोलायची, आणि समोरची शहरातली पोरं "काय? परत सांग," म्हणत निम्मा वेळ खाऊन टाकायची. पहिल्या वर्षी दोन विषय त्यातच गेले. मग समान संधी केंद्राच्या रुचिरा मॅडमनी तिची गाठ नीताशी घालून दिली. पहिल्याच पेपरला अंकिता म्हणाली, "तुमी नेऱ्याच्या ना? मंग लिवा बिनधास," आणि तीन तास तिचं तोंड थांबलं नाही, हिचा हात थांबला नाही. दोन्ही विषय सुटले.

तर या रुचिरा मॅडम. कॉलेजात केंद्रं आणि समित्या पुष्कळ असतात, पाटी लागते, फोटो निघतो, संपलं. या बाई जरा वेगळ्या निघाल्या. त्यांनी जुन्या डिफॉल्टर याद्या कपाटातून काढल्या आणि एकेक नाव वाचलं. आवणीच्या महिन्यांत गैरहजर कोण होतं, मिठागरावर कोण होतं, आई बाळंत म्हणून घरी कोण होतं. दोन वर्षं त्यांनी वरच्या लोकांचं डोकं खाल्लं आणि शेवटी मंजूर करून घेतलं, की अशी टर्म गेलेल्यांना थेट टीवायला परत बसता येईल. अट एकच, कॉलेज सोडून वीस वर्षं झालेली नसावीत.

नीताला एकोणीस झाली होती.

मॅडम स्वतः दुकानात फॉर्म घेऊन आल्या. "नीताताई, पहिला फॉर्म तुमचा." नीतानं तो दोन्ही हातांनी घेतला. मॅडम गेल्यावर तिनं त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सवर आधी पेन्सिलनं भरून पाहिला. नाव, गाव, शेवटची उत्तीर्ण परीक्षा. नुसतं आपलं नाव त्या चौकटींत एकेक अक्षर बसताना बघून तिला भरून आलं. अठरा वर्षं फाटकाच्या या बाजूनं वर्गांच्या खिडक्या बघत तिनं काय काय गिळलं होतं, ते तिचं तिला ठाऊक. कुणी "ताई, तुम्ही कितवी?" विचारलं की ती "शिकलेय थोडीफार" म्हणून मोकळी व्हायची, आणि नंतर तासभर तिचं चित्त ठिकाणावर नसायचं.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. या वर्षी अंकिता टीवायला. आपणही टीवायला. पायरी एकच. पेपरही एकाच दिवशी, एकाच वेळी.

तिनं फॉर्म गल्ल्याखालच्या खणात टाकला. मॅडमनी विचारलं तर "फोटो काढायचेत." आठवड्यानं विचारलं तर "जुनी गुणपत्रिका सापडत नाही." गुणपत्रिका कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, सुरकुतीसुद्धा नव्हती तिला. शैलेशला हे कळलं तेव्हा तो एरवीचा थंड माणूस भडकला. "अकरा जणांचं झालं ना? आता स्वतःचं बघशील की नाही?"

"ती पोरगी अडेल."

"आणि तू गं?"

नीतानं नवा गठ्ठा फोडला. मशीनमध्ये कागद भरत राहिली. मनात मात्र एकच चाललं होतं, पुढच्या वर्षी वीस होतील, पुढच्या वर्षी वीस होतील.

फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस राहिले, तेव्हा शिपाई एका पत्राची प्रत घेऊन आला. अंकितानं केंद्राला दिलेलं पत्र. 'मला यंदा नीता भोपी या लेखनिक नकोत. दुसरी व्यवस्था करावी.' एवढंच. नको कशासाठी, ते काही नाही.

नीताच्या अंगाची लाही लाही झाली. काय चुकलं आपलं? एक अक्षर कधी इकडचं तिकडं केलं नाही. बत्तीस म्हणाली तर बत्तीस लिहिलं! दुकान शैलेशवर टाकून ती तशीच रस्ता ओलांडून केंद्रात शिरली. अंकिता कोपऱ्यात बसली होती. शेजारी एफवायची पूर्वी नावाची मुलगी, वही उघडून.

"काय गं अंकिता, मी नको झाले का तुला?"

पावलं ओळखून अंकितानं आधीच मान वळवली होती. "नको झालात."

"का पण?"

"मॅडमनी यादी वाचली तवा मी इथंच होते. तुमचं नाव आलं. मॅडम बोलल्या, फॉर्म आला नाय." अंकिताचा आवाज चढला. "माज्यासाठी थांबलात ना? मना इचारलात? माजं लग्न होत नाय, तर आई बोलते आंधळी हाय म्हणून. माज्या भावानं मुंबईची नोकरी सोडली, तर बोलतो ताईमुळं. आता तुमी पण? समद्यांचं अडलेलं माज्या डोक्यावर! नाय पायजे मना."

नीतानं शेजारी पाहिलं. पूर्वी खाली बघत होती.

"आणि ही?" तिनं विचारलं.

"ही खारघरच्या टॉवरातली. बोलणं कळत नाय हिला. म्हणून रोज तास घेते मी हिचा." अंकिता जरा हसली. "काल 'ठाव नाय' म्हणजे माहीत नाय, ते कळलं तिला. परीक्षेपर्यंत होईल माणसासारखी."

पूर्वी पुटपुटली, "होतंय, ताई. खरंच होतंय."

नीताला रडू आलं, आणि रडू का आलं तेही धड कळेना. सुटल्याचं म्हणावं, तर छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. अंकिताचे पेपर आता दुसरं कुणी लिहिणार. बोलता बोलता टेबलावर बोटं वाजवायची तिची सवय दुसरं कुणी ऐकणार. ती दुकानात आली, खण उघडला आणि पेननं फॉर्म भरला. दोनदा खाडाखोड झाली. चौदा वर्षांत तिच्या हातून खाडाखोड झाली नव्हती.

पहिल्या पेपरच्या सकाळी शैलेशनं दुकान उघडलं आणि तिला फाटकापर्यंत सोडायला आला. चार पावलांचं अंतर, सोडायला काय यायचं! पण आला. ती आत शिरली आणि पाय सवयीनं तळमजल्यावरच्या लेखनिकांच्या छोट्या खोलीकडे वळले. दारातल्या बाईंनी अडवलं. "नीताताई, तुमचा नंबर वर आहे. दुसऱ्या मजल्यावर." खोलीत अंकिता आणि पूर्वी आधीच बसल्या होत्या. अंकितानं दाराकडे तोंड करून नुसता हात हलवला, जा म्हणून.

वर पन्नास मुलं. निम्मी तिच्याकडून नोट्सच्या झेरॉक्स नेणारी. कुणी दबक्या आवाजात "बेस्ट लक, ताई" म्हणालं. प्रश्नपत्रिका आली. पहिला प्रश्न कोकणातल्या खोतीवरचा. उत्तर तिला येत होतं, मुद्द्यांनिशी, सालांनिशी. तिनं पेन उघडलं, समास आखला आणि थांबली.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आजूबाजूला सगळी पेनं चालू, हिचं कागदावर टेकलेलं आणि गप्प. काय झालंय ते तिला आधी कळेचना. कान कशाची तरी वाट बघत होते. चौदा वर्षं कुणीतरी सांगायचं आणि मग हात हलायचा. आता सांगणारं कुणी नव्हतं, आणि हात हलायला तयार नव्हता. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांनी जागा मिळाली आणि आपण कोरा कागद देऊन उठणार की काय? आई गं!

मग तिनं डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. "खोत म्हंजे गावाचा सारा गोला करनारा..." नेऱ्याचं, घरचं बोलणं. तिचंच. आणि हात हलला. कागदावर अक्षर उमटलं, मग दुसरं, मग ओळ. ती बोलत गेली, लिहीत गेली.

सुपरवायझर बाकाशी येऊन उभे राहिले. नवे होते, तिला ओळखत नव्हते. "बाई, बोलायचं नाही. कुणाला सांगताय?"

नीतानं डोळे उघडले. गाल ओले होते, पेन चालूच होतं.

"मलाच सांगतेय, सर," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."