दारातली दुसरी बाई

पिंपळ अजून लांब होता. मी पुन्हा पिशवीला हात घातला तशी सुखदाने ती दुसऱ्या हातात घेतली. "राहू दे ताई, तुझ्याकडे नको."

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीतून आम्ही दोघी रोज सकाळी चालायला निघतो, पण इतकं लांब कधी जात नाही. त्या दिवशी धुरक्यात समोरचे टॉवर अर्धेच दिसत होते.

सुखदा पुण्याची. बरीच वर्षं इथल्या एका छापखान्यात रंग तपासते. "लाल जास्त झालाय" असं ती म्हणाली की मशीन थांबतं. एकटी राहते, त्या नजरेवरच तिचं घर चालतं. मलाही सोडत नाही. "ताई, ब्लाउज जरा पिवळट आहे हं, साडीशी भांडतोय!"

इकडे लोक देवादिकांच्या जुन्या तसबिरी कचऱ्यात टाकत नाहीत, पिंपळाखाली ठेवून येतात. सुखदा त्या उचलून आणायची. जुन्या चित्रांची टॅरो कार्डं, भविष्य सांगायची, छापायचं काम तिने घेतलं होतं. मी म्हणायचे, "अगं, कुणीतरी नमस्कार करून सोडलेलं असतं ते."

"देव गेले ताई, कागद राहिला. त्यातल्या रंगांना मी हात जोडते की!"

त्यातच एक चित्र होतं. दारात दिवा घेऊन उभी बाई. ते मीही पाहिलं होतं. बाई एकटी, मागे काळोख. कार्डाचं पहिलं प्रूफ फार काळं आलं, म्हणून सुखदाने काळोख थोडा उजळून पुन्हा छापून घेतलं. तर तिला मागे दुसरी बाई दिसली. मशीनवाला म्हणाला, "मॅडम, एक ही तो है." पुढच्या प्रूफात दुसरी उंबऱ्यापर्यंत आली.

"भिंगाखाली नुसते शाईचे ठिपके दिसतात, ताई. भिंग काढलं की ती."

म्हणून तसबीर परत ठेवायला आम्ही निघालो होतो.

पिंपळापाशी मी चपला काढल्या. सुखदाने तसबीर बुंध्याला टेकवली. मी पुटपुटत रामरक्षा म्हटली. एरवी ती हसते, या वेळी हसली नाही. पिशवीतून तिने कालचं शेवटचं प्रूफ काढलं आणि माझ्या तळहातावर पालथं ठेवलं.

"मी काही सांगत नाही. तू बघ आणि दारात किती जणी आहेत ते सांग. एक म्हणालीस तर माझे डोळे गेले, काम गेलं. तरी खरंच सांग, ताई. माझं मन राखायला दोन म्हणू नकोस."